सहाशे मनगटं

तोरणमाळ
९ नोव्हेंबर २०२५

काय व तबू,

पार्सल मिळालं. रतिलालभाऊ गाडी थांबवून स्वतः आश्रमशाळेच्या फाटकापर्यंत आले. इतकी वर्षं कंडक्टरकी केली, पण असं पार्सल पाहिलं नाही म्हणे. "मॅडम, यामा काय शे? बठी गाडी वास मारी ऱ्हायनी. मागली सीटवरली बाई म्हने, गाडीमा कोन्ही वरात बसनी का?"

झाकण जरा सैल होतं. बाटली तुझ्या निळ्या रुमालात होती, म्हणून बरं वाटलं. मग चिठ्ठी उघडली. "स्वप्नालीताई, जपून उघडा." हे तुझं अक्षर नाही. तू मला जन्मात ताई म्हणाली नाहीस. तबू, माझ्या बाटलीवरची चिठ्ठी तमन्ना का लिहिते?

तुझं मागचं पत्र काढून मोजलं. तमन्ना नऊ वेळा. अम्मी तीन, अब्बा दोन. मी एकदा, आणि तेही "तुझ्यासारखंच तमन्नाला पण आल्याशिवाय चहा जात नाही" या वाक्यात. चार महिने झाले त्या पोरीला तुमच्या अत्तराच्या दुकानात लागून. आपण लोणखेड्याच्या होस्टेलला तीन वर्षं एका खोलीत काढली, एका बादलीत कपडे भिजवले. तरी मी चहाच्या वाक्यात.

फोन कर म्हणशील. शाळेमागच्या टेकडीवर उभं राहिलं तर एक दांडी येते. लागला तरी तू दुकानात, फोन स्पीकरवर आणि बाजूला ती बाटल्या पुसत ऐकणार. पत्रच बरं. पत्र एकटीनं वाचतात.

आता अत्तराचं. मी काय मागितलं होतं आठवतं ना? असा वास, जो दुसऱ्या कोणाकडे नसेल. चार डिसेंबरला धानोऱ्याला आमच्या चंदनचं लग्न आहे. कौसाकाकूनं तिच्या पोराची पत्रिका तुमच्या घरी स्वतः दिली, म्हणजे तुम्ही येणार, आणि तू आलीस की ती येणार. मी मांडवात शिरले की तू मान न वळवता म्हटलं पाहिजेस, स्वप्नी आली. आणि तिला कळलं पाहिजे की तबू अत्तर कोणासाठी बनवते. जळते मी, खोटं कशाला बोलू.

काल लावून वर्गावर गेले. सुकरामदादा आमचा स्वयंपाकी, तो डाळीत कुठून फूल पडलं म्हणून डाव घालून शोधत बसला. तिसरीतली एक पोरगी दोन्ही हातांनी नाक धरून पाढे म्हणाली. दुसरीनं विचारलं, बाई, तुम्ही देवीला जाऊन आल्या का. दुपारी माझंच डोकं ठणकायला लागलं. गोड आहे, पण फार जड आहे ग. अंगावर कोणीतरी ओली गोधडी टाकावी तसं. ओढणी दोनदा धुतली, तरी जात नाही.

पण दुसऱ्या कोणाकडे नाही ना? मग चालेल.

तुझी आणि फक्त तुझी,
स्वप्ने

•

नंदुरबार
१८ नोव्हेंबर

स्वप्ने,

आधी भांडण. चिठ्ठी तमन्नानं लिहिली कारण माझे दोन्ही हात तेलानं माखलेले होते आणि रतिलालभाऊंची गाडी सुटत होती. बस एवढंच. तू मोजत बसलीस, कमाल आहे तुझी.

आता अत्तर. तू किती लावलंस? पावडरसारखं थापलं असशील. एक थेंब, कानामागे, दोन तास आधी. चोळायचं नाही. पहिला अर्धा तास ते भांडतं, मग शांत होतं. जड आहे कारण तूच जड मागितलं. तू लिहिलं होतंस की माना वळल्या पाहिजेत. अब्बा गुलछडी घालताना हात राखतात, म्हणतात गुलछडी पाहुणीसारखी असावी, घरमालकीण नाही. मी हात सोडला. वर मोगरा, खाली खसचा बेस. आठ सकाळी गेल्या त्यात. गावात मिरची यायला लागलीये, नऊनंतर मिरची वाळवायच्या पथारीवरून असा ठसका येतो की नाकाला काही कळत नाही. म्हणून सहाला उठून दुकान उघडायचे, शटर अर्धं ओढून बसायचे. प्रमाण फक्त माझ्या वहीत आहे. अब्बांना पण दाखवलं नाही.

आता मी तिसऱ्यांदा विचारते. शहाद्याच्या गाळ्याचं काय?

होस्टेलच्या गच्चीवर कोण म्हणालं होतं, तबू, तू बनव, मी विकते, पाटीवर दोघींची नावं टाकू? मी नव्हते म्हणाले. आता गाळा मिळालाय, बस स्टँडच्या समोर. अब्बा एकटीला तिकडे बसू देणार नाहीत, दोघी असलो तर हो म्हणाले. सव्वीस जानेवारीला उघडायचं. पेंटर विचारतोय, तबस्सुम आणि कोण? तुझी नोकरी कंत्राटी आहे, मार्चला संपते, हे तूच सांगितलंस. हो तर हो, नाही तर नाही, एक शब्द लिही. नाही असेल तर मला तमन्नाला विचारावं लागेल.

तबू

ता. क. २० नोव्हेंबर. पत्र टाकायचं राहिलं होतं. काल कौसाकाकू दुकानात आली. लग्नात दारावर लावायला अत्तर पाहिजे म्हणाली, सहाशे माणसांचं. बराच वेळ बसली. चहा घेतला. तुझ्या गोष्टी निघाल्या. स्वप्ने, तुला मला काही सांगायचंय का? असेल तर लग्नाच्या आधी लिही.

•

तोरणमाळ
७ डिसेंबर

तबस्सुम,

पूर्ण नाव लिहिलंय. बघ.

लग्नाच्या दिवशी मी सकाळी नऊला लावलं, कानामागे, एक थेंब, चोळलं नाही. साडेदहाला भरवसा वाटेना म्हणून परत लावलं. निघताना ओढणीच्या टोकाला पण. अबोली रंगाचा ड्रेस घातला होता, तुझ्यासोबत शहाद्याला घेतलेला. माझ्या मनात पूर्ण सिनेमा तयार होता. मी शिरणार, तू वळणार, ती बघणार.

दारावर चंदनचा दोस्त दलसिंग, फेटा बांधून, हातात अत्तरदाणी. "हात पुढे करा ताई." केला. त्यानं मनगटावर लावलं. मी सवयीनं नाकाजवळ नेलं.

तबू, तो माझाच वास होता.

मला आधी वाटलं माझंच अंग येतंय. मग पुढच्या खुर्चीवरच्या मामांजवळ गेले, ते पण मी. बँडवाला क्लॅरिनेट पुसत होता, तो पण मी. वाढपी पत्रावळी टाकत गेला आणि मागे माझा वास सोडून गेला. नवऱ्याच्या घोडीला पण कोणीतरी मस्तीत लावलं होतं. सहाशे माणसं, सहाशे मनगटं, त्यावर मांडवाचं ऊन. बायका पदरानं वारा घालत होत्या. एका म्हाताऱ्या आजोबांना बाहेर झाडाखाली नेऊन बसवलं, म्हणे घुसमटायला झालं. मला जो वास एकटीचा पाहिजे होता तो सगळ्यांना नकोसा झाला होता.

कौसाकाकूनं मिठी मारली. "माय व, कितला भारी वास येस तुले." मी म्हटलं, काकू, तुला पण येतोय. तर ती हसली, "आज ते बठासलेच येस ना व पोरी."

तुझे अब्बा, दाऊदचाचा, कोपऱ्यात बसून आपलंच मनगट परत परत हुंगत होते, जसं काही कोणा दुसऱ्याचा हात लावून दिलाय.

आणि मग तुम्ही दोघी. एकाच रंगाच्या ओढण्या, ते राहू दे. ती पुढे आली. "ताई, तुम्हाला पण दारात लावलं का? जास्तच लावलं वाटतं." तू बाजूला उभी, मांडवाच्या झालरीकडे बघत. हसली असतीस तर मी समजले असते. तू बघितलंच नाहीस. मी न जेवता निघाले. शहाद्यापर्यंत जीपमध्ये खिडकीला डोकं लावून बसले. ड्रायव्हर म्हणाला, "लग्नाहून आल्या वाटतं."

प्रमाण फक्त तुझ्या वहीत आहे, हे तूच लिहिलंस. मग ती वही उघडली कोणी? बाटल्या कोण भरतं तुमच्याकडे? मला कोणी सांगायला नको. तिनं केलंय, मला पाडायला, आणि तू तिला पाठीशी घालतेस.

तिला काढ. गाळ्याचं विचारतेस ना सारखं? ती दुकानात आहे तोवर मी येणार नाही. हेच माझं उत्तर.

स्वप्नाली

•

नंदुरबार
१२ डिसेंबर

स्वप्ने,

तमन्नानं केलं नाही. तिला वही कुठे ठेवते ते पण माहीत नाही. मी केलं.

एकोणीस नोव्हेंबरला कौसाकाकू दुकानात बसली होती. मी तिला गुलाब हुंगायला दिला, तिला आवडला, बात संपली असती. चहा आला. ती बशीत ओतत म्हणाली, "आमनी स्वप्नाली ते आते तठेच पक्की हुई गयी. दसराना पहिलेच सही करी दिनी. चांगलं शे, सरकारी नोकरी." मी म्हटलं, हो ना, मला सांगितलं तिनं. माझ्या हातात काडी होती, कापूस गुंडाळलेली. ती मी तशीच धरून बसले किती वेळ.

दसऱ्याच्या आधी. स्वप्ने, दसऱ्यानंतर तू मला पाच पत्रं लिहिलीस. गाळ्याचं कधी "बघू", कधी "विचार करते", कधी "मार्च येऊ दे", कधी नावच नाही. मी पेंटरला थांबवून ठेवलं, अब्बांशी भांडले. आणि तुझी सही मला एका गिऱ्हाइकाकडून कळली. तरी मी ता. क. लिहिला. वाट बघितली. दोन तारखेपर्यंत रोज एस. टी. स्टँडवर गेले.

तीन तारखेला अब्बा नमाजला गेले तेव्हा वही काढली. काकूचा गुलाब बाजूला ठेवला आणि मोठी बाटली भरली, तुझी. अब्बांना लग्नात हात हुंगल्यावर कळलं की हा माल त्यांचा नाही. घरी आल्यावर त्यांनी फक्त दुकानाची चावी दोन दिवस स्वतःकडे ठेवली. यापेक्षा ओरडले असते तर बरं.

तू तमन्नाचं नाव मोजतेस. मी पण मोजते, तुला काय वाटलं? सुकरामदादानं भाकर दिली, तिसरीतल्या पोरी केस विंचरायला येतात, तळ्यावर धुकं उतरलं की कसं दिसतं. चार चार पानं. त्यात मी असते शेवटी, "बाकी तू कशी आहेस" मध्ये. मला त्या पोरींचा राग येतो. आठ वर्षांच्या पोरींचा. सांगायला लाज वाटते, पण येतो.

मला वाटलं होतं मजा येईल. तुझं तोंड बघेन आणि फिटेल. पण झालं काय, तू मांडवात आलीस तेव्हा मला कळलंच नाही. सगळा मांडवच तो होता. तमन्ना म्हणाली, "बाजी, त्या बघा, अबोली ड्रेस," तेव्हा मी बघितलं. आठ सकाळी नाकाशी धरून बनवलेला वास, आणि तुला दुसरीनं दाखवावं लागलं.

आता तू सांग. तमन्नाला काढायची गोष्ट करू नको, ती मध्ये नाहीच आहे.

तबू

•

तोरणमाळ
१६ डिसेंबर

तबू,

हो. सही केली. एकोणतीस सप्टेंबरला. ऑफिसचा कागद आला, इथेच कायम राहणार का, दोन दिवसांत कळवा. मी दोन मिनिटांत कळवलं. विचार करावा लागला नाही, हेच तुला सांगता येत नव्हतं.

सांगितलं असतं तर त्याच दिवशी माझी खुर्ची तू तिला दिली असतीस. मला इथे राहायचं होतं आणि तिथली खुर्ची पण रिकामी पाहिजे होती. माझ्या नावाची. कोणी बसायचं नाही, पुसून ठेवायची.

तुझ्यावरचा राग गेला नाही. सहाशे, तबू. घोडी. ओढणी अजून बाहेर तारेवर आहे, पोरी तिच्याखालून वाकून जातात.

गाळ्याचं मला अजून थोडे दिवस दे. "नाही" लिहायला बसते आणि पेन दुसरंच काहीतरी लिहितं.

स्वप्ने

•

नंदुरबार
२२ डिसेंबर

स्वप्नालीताईंना नमस्कार,

मी तमन्ना. हे पत्र तबस्सुमबाजीला माहीत नाही. रतिलालभाऊंना शपथ घातली आहे. माझं मराठी बोलण्यासारखंच आहे, चुकलं तर समजून घ्या.

लग्नात मी ते बोलले ते टोमणा म्हणूनच बोलले. दारावरचं अत्तर तुमचंच आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं, तुम्ही खूप लावलंय एवढंच दिसलं आणि मला आनंद झाला. माफी मागत नाही. मी तुमच्यावर पाच महिन्यांपासून जळते. बाजी बाटली उघडली की म्हणते, हे स्वप्नीला आवडेल. हे स्वप्नीला चालणार नाही. मी समोर असते. मी म्हटलं, बाजी, मला पण एक बनवून द्या. त्यांनी काउंटरवरचा रेडीमेड डबा पुढे केला, यातलं कोणतंही घे. बाजीकडे तुमचा फोटो बघितला होता, समोरून कशा दिसता ते बघायला मी लग्नाला आले होते. तुम्ही साध्याच दिसता.

पेंटर दोन वेळा येऊन गेला. बाजीनं दोन्ही वेळा परत पाठवला. मी हिंमत करून म्हटलं, माझं नाव टाका ना. तर म्हणाल्या, ती जागा भरलेली आहे. ताई, जागा भरलेली नाही. तुम्ही तिकडे तोरणमाळला आहात, हे मला पण माहीत आहे.

माझा भाऊ जाकीर सुरतेला असतो. तो मला तिकडे बोलावतोय, साड्यांना खडे चिकटवायच्या कामाला. एका खोलीत बारा बायका, वहिनी पण तिथेच बसते. अब्बू म्हणतात, नंदुरबारला नुसत्या बाटल्या पुसायच्या असतील तर सुरत बरी. पाटीवर नाव असेल तर गोष्ट वेगळी. एकतीस तारखेला जाकीरभाई न्यायला येतो.

मला अत्तर शिकायचंय. मला नाक आहे, अब्बाजी दाऊदचाचा पण म्हणतात. तुम्ही येणार असाल तर या, मी सुरतेला जाईन, काही बोलणार नाही. येणार नसाल तर तसं लिहा. तुम्ही काहीच लिहीत नाही म्हणून मी पण कुठेच नाही.

तमन्ना

•

तोरणमाळ
२५ डिसेंबर

तबू,

नाही.

लिहिलं बघ. सकाळपासून सात कागद फाडले, सुकरामदादानं ते चुलीला घातले. म्हणाला, मॅडम, आज परीक्षा आहे का तुमची.

मी येणार नाही. मार्चला नाही, पुढच्या मार्चला पण नाही. मला इथे राहायचंय. तिसरीतली रोज नाक धरणारी पोरगी परवा माझ्या ओढणीत तोंड खुपसून झोपली, वास असताना. यावर तू जळणार, जळ. मी पण जळते, म्हणजे हिशोब बरोबर.

पेंटरला बोलाव. तमन्नाचं नाव टाक. हे पत्र मिळेल त्या दिवशीच टाक, जानेवारीची वाट बघू नको. मला कोणी काही सांगितलेलं नाही, कोणाचं पत्र नाही, माझं मीच ठरवलंय. तिच्या घरी दाऊदचाचांना पाठव, तू जाऊ नको. तिच्या अब्बूंना म्हातारा माणूस घरी आलेला बरा वाटेल. पाटीवर तिचं नाव येणार आहे, हे चाचांनी पहिल्या वाक्यात सांगायचं. चहा नंतर.

आणि तिला बनवायला बसव. पुसायला नाही. तुझी वही दाखव. माझं पान फाडून टाकलं तरी चालेल, नाहीतरी ते जमलं नव्हतं. तुला तेव्हाच कळलं होतं, मला पण. आपण दोघी बोललो नाही.

उद्घाटनाला मी येणार नाही. झेंडावंदन आहे असं सगळ्यांना सांग. तुला खरं सांगते, रजा मिळते, मी मागणार नाही. तुम्हा दोघींना एका काउंटरमागे बघायची ताकद मला जूनपर्यंत तरी येणार नाही. जूनमध्ये येईन, गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा मला बसायला स्टूल द्या, आत बोलावू नका.

एक काम कर. तिला विचारताना माझं नाव काढू नको. स्वप्नी नाही म्हणाली म्हणून तुला विचारते, असं नको. ती हुशार आहे, तिला माहीत असेल, तरी नको. सरळ तिच्यासमोर जाऊन बस आणि असं विचार, जसं पहिल्या दिवसापासून तुला तिलाच विचारायचं होतं.

स्वप्ने